वाढवले, लावले

“निजल्या गाईला, सये, हाक मारू नये मोठी
पाठ थापटावी आधी, मग सोडाव्या गं गाठी…”

बंद दाराच्या आतून आवाज येत होता. पुरुषाचा, जाडसर, थोडा घोगरा. पण ओळ संपत आली की दुधावर साय धरावी तसा मऊ होत जाणारा. पंधराएक वर्षं झाली, तरी तो आवाज माझ्या कानात तसाच आहे.

मिरजेतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत, सर्व्हरच्या खोलीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून मी उभी होते. मे महिन्यातली दुपार, दोन वाजत आलेले. मी जेवून येईपर्यंत काउंटरवरचे दोन्ही कॉम्प्युटर थिजले होते. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ एक चाळीसवर थांबलं होतं. ह्याच दुखण्यासाठी कंपनीनं मला पुण्याहून पाठवलं होतं. कोणती पिशवी कोणत्या फ्रिजमध्ये, कोणत्या गटाची, कोणासाठी जुळवून ठेवलेली, हे सगळं त्या एका सर्व्हरच्या पोटात होतं, आणि तो सर्व्हर चालता चालता मान टाकत होता. ऑपरेटिंग सिस्टिमच कोसळायची. निळा पडदा यायचा आणि कुणी बटण दाबून उठवीपर्यंत सगळं जागच्या जागी. दहा आठवड्यांत अकरा वेळा.

मी दार उघडलं. आत गुरवमामा उभे होते. साठीला टेकलेले, खाकी शर्ट, गळ्यात तुळशीची बारीक माळ. रक्तपेढीचे अटेंडंट. त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

“बाई, दोन ओळी ऱ्हायल्यात. बोलू नगा.”

“निजल्या माणसाच्या उशाशी बसावं निवांत
डोळा उघडू दे त्याचा, मग सांगावी गं मात.”

मग त्यांनी बटण दाबलं. पंखा घुमला, हिरवा दिवा लुकलुकला.

“हे काय होतं, मामा?”

“बंद करून लगेच चालू करायचं न्हाई, अर्धा मिनिट थांबा, असं तुमच्यातल्याच एका पोरानं सांगितलेलं. माझ्याकडं घड्याळ न्हाई. आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणतो. दोन ओव्यांत अर्धा मिनिट हुतोय.”

“आणि घाई असली तर?”

“घाई असली तर चार म्हणतो.”

मला हसू आलं. बाहेर आले तर काउंटरवर एक काळी पाटी टांगलेली. खडूनं वळणदार अक्षरात रक्तगट लिहिलेले आणि प्रत्येकापुढे पिशव्यांचा आकडा. पडदा थिजला की मामा आधी फ्रिज उघडून मोजायचे, पाटी लिहायचे आणि मग सर्व्हरकडे जायचे. त्या पंधरा मिनिटांतही एक बाई नवऱ्यासाठी दोन पिशव्या घेऊन गेली होती. काउंटर थांबला नव्हता. हे मी पाहिलं. पण मनात धरलं नाही.

मला कारण हवं होतं. पुण्याहून माझे वरिष्ठ, कुलदीपसर, यांचा सकाळपासून तिसरा फोन आला होता.

“देवस्थळी, संध्याकाळपर्यंत कारण लिहून दे. त्यांची समिती म्हणतेय, दुसरी कंपनी बघू.”

“बघतेय, सर.”

“बघू नकोस. शोध.”

सर्व्हरच्या खोलीत खिळ्याला एक लांब वही लटकवलेली होती. तारीख, वेळ, एसीचं तापमान, शेरा, अशा रकान्यांची. कंपनीनंच दिलेली. मी ती टेबलावर घेतली आणि शेजारी सर्व्हरनं स्वतः लिहिलेली कोसळण्याची नोंद उघडली. एकेक तारीख ताडून पाहायला लागले. ज्या ज्या दिवशी सर्व्हर कोसळला होता, त्या त्या दिवशी, त्याच सुमारास, वहीत गुरवमामांचं अक्षर होतं. एसीच्या रकान्यात ‘२२’ आणि त्याला चिकटून शेरा: ‘वाढवले. लावले.’

अकराच्या अकरा वेळा. २२, वाढवले. लावले.

मामा एसीचं तापमान वाढवत होते. थंडी सोसत नसेल म्हाताऱ्याला. खोली तापत होती, सर्व्हर तापत होता, आणि कोसळत होता. मग घाबरून पुन्हा एसी लावत होते. इतकं सरळ. मघाशी खोलीत शिरले तेव्हा उकडत होतंच की.

मला सुटल्यासारखं झालं. इतकं सुटल्यासारखं, की एवढं हलकं का वाटतंय हे मी स्वतःला विचारलं नाही. बसून इंग्रजीत अहवाल लिहिला. ‘वाढवले’ला ‘रेज्ड’ लिहिलं. टेम्परेचर रेज्ड बाय अटेंडंट. दीड पान.

चार वाजता डॉक्टर हेगडे यांच्या केबिनमध्ये मामांना बोलावलं. हेगडे मूळचे धारवाडचे, रक्तपेढीचे प्रमुख. आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी वही उलटी करून मामांसमोर सरकवली.

“गुरव, हे अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“इथं ‘वाढवले’ लिहिलंय. तुम्हीच वाढवलं?”

“व्हय. मीच.”

“अकरा वेळा?”

“जेवढ्या वेळा लिवलंय तेवढ्या. एखाद्या वेळंला लिवायचं ऱ्हायलं आसंल.”

“कुणाला विचारून?”

“इचारत बसलो तर उशीर हुतो, साहेब. भाईर माणसं थांबल्याली असत्यात.”

“पण वाढवायचं कशासाठी?”

मामांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरानं अगदीच सोपं काही विचारावं आणि थोरानं गोंधळावं, तसा चेहरा झाला त्यांचा.

“न वाढवता लावायचं कसं?”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या अहवालावर एकदा बोट फिरवलं.

“गुरव, तुमची नोकरी मी घेत नाही. पण रक्ताचं काम आहे. एखाद्या दिवशी चुकीची पिशवी वर गेली तर आपण काय तोंड दाखवणार? एक तारखेपासून तुम्ही धुलाईघरात जा. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.”

“बरं,” मामा म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. “साहेब, पाटी कुणाकडं देऊ?”

“कसली पाटी?”

“न्हाई, ऱ्हाऊ द्या.”

दवाखाना लहान, भिंती पातळ. पाच वाजेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. काउंटरवरची शैला मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाली, “दहा वर्षं या माणसानं एक बाटली फोडली नाही गं. आणि आता चादरी पिळणार.” मामा खाली मान घालून फ्रिजची काच पुसत होते. त्या रात्री मला छान झोप लागली, हे सांगायला आजही जड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसी अठरावर आणला, रिमोट कपाटात घालून कुलूप लावलं आणि चहाला बाहेर पडले. फाटकासमोर दस्तगीरचाचांची टपरी होती. ते स्टोव्हवरचं पातेलं उतरवत होते.

“मॅडम, हा शेवटचा कप. आज दुकान लवकर वाढवणार.”

“अरे वा. पण मागे तर गटार आहे, वाढवणार कुठं?”

चाचा पातेलं हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग असे हसले, की चहा हिंदकळला.

“काय ओ मॅडम, शाळेत इंग्लिश मिडियम काय? वाढवणार म्हंजे मिटवणार. भाचीचा साखरपुडा आहे कुपवाडला. धंद्याच्या जागी ‘बंद’ म्हणू नये, म्हणून वाढवलं म्हणायचं. तुमच्या घरी देवापुढचा दिवा काय ‘विझवतात’?”

विझवत नव्हते. आमच्याकडेही वाढवतच होते. आईच्या तोंडी हा शब्द रोज संध्याकाळी असायचा: निजायच्या आधी दिवा वाढव गं. तो शब्द मला ठाऊक होता, पण देवघरापुरता. शर्टावर कंपनीचं नाव लावून, हातात वही घेऊन बसले तेव्हा तो समोर येऊन अकरा वेळा उभा राहिला, आणि मी त्याला ओळखलं नाही.

“चाचा, गुरव म्हणजे देवळातले ना?”

“मग? धोंडीराम गुरवचा बाप बुधगावच्या देवळात दिवाबत्ती करायचा. हा पण लहानपणी तेच. का?”

मी चहा तसाच ठेवला.

खोलीत येऊन वही पुन्हा उघडली. २२. वाढवले. लावले. दिवा वाढवला, दिवा लावला. यंत्रानं मान टाकली की मामा ते नीट बंद करत होते, दोन ओव्या थांबत होते, आणि पुन्हा चालू करत होते. एवढंच लिहिलं होतं. शेजारचा २२ हा नुसता २२ होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो आकडा एकदाही बदलला नव्हता. हे काल माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी तिथंच बसून राहिले. खोली गारठून गेली होती, बोटं आखडत होती. दीडच्या सुमाराला काउंटरवर गर्दी वाढली, आणि एक अडतीसला माझ्यासमोर पडदा निळा झाला. अठरा अंशांत.

मामा आले. मला बघून उंबऱ्याशी थबकले.

“अजून चार दिस हाईत एक तारखेला. येऊ न्हवं?”

“या ना, मामा.”

त्यांनी आधीच पाटी लिहिलेली होती. बोटांना खडू होता. बटण दाबून धरलं. पंखा थांबला. माझ्यासमोर लाजत, अगदी हळू आवाजात ओव्या म्हटल्या. बटण दाबलं. मग खिशातून पेन काढून वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. एसीच्या रकान्यात ‘१८’. आणि पुढे तेच, त्याच वळणात: ‘वाढवले. लावले.’

“मामा, काल साहेबांना तुम्ही हे का नाही सांगितलं?”

“काय? त्यांनी इचारलं वाढवलं का. वाढवलं तर हुतंच. न्हाई कसं म्हणू?”

“ते एसीबद्दल विचारत होते.”

“एसीबद्दल?” मामांनी वर भिंतीकडे बघितलं. “त्येला मी कशाला हात लावीन? त्याचं रिमोट मला कळत न्हाई.” मग म्हणाले, “मला वाटलं, मशीनला हात लावला म्हणून रागावलं.”

आता माझ्यापुढे दुसरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला कालपासून अर्धवट ठाऊक होतं. कोसळताना सर्व्हर जी शेवटची नोंद मागे ठेवतो ती मी नीट वाचली. बोट मेमरीकडे होतं. मार्चमध्ये, दहा आठवड्यांपूर्वी, ह्याच यंत्रात नवीन मेमरी बसवायला मीच आले होते. जुनीच्या जोडीला वेगळ्या कंपनीची पट्टी चढवली. नवीन पट्टी बसवल्यावर चाचणी लावायची असते, तिला चार तास लागतात. माझी पुण्याची गाडी साडेपाचची होती. चाचणी केल्याची खूण मी कागदावर केली आणि निघाले. दुपारी गर्दी वाढली, सगळी मेमरी भरायला लागली, की सर्व्हर त्या वाईट पट्टीपर्यंत पोचायचा आणि पडायचा. मार्चचा तो कागद काल माझ्याच पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नव्हता.

मामांना म्हटलं, “पुन्हा एकदा वाढवा.” त्यांनी यंत्र बंद केलं. मी झाकण उघडून ती पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि डॉक्टरांच्या केबिनकडे गेले. जिन्याच्या वळणावर कुलदीपसरांचा फोन वाजला. मी घेतला नाही. खरं कळलं तर ते काय करतील हे मला माहीत होतं, आणि एकदा त्यांचा आवाज ऐकला असता तर पुढच्या पायऱ्या माझ्याच्यानं चढवल्या नसत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रुमालातली पट्टी उलटीसुलटी करून बघितली.

“तुम्ही अहवालात काय लिहिलं होतं? रेज्ड.”

“हो.”

“आणि खरं वाढवलं ते तुम्ही.”

“हो.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “माझी आजी दिवा मालवायचा असला की म्हणायची, दीप दोड्डद माडु. दिवा मोठा कर. लहानपणी मी वात पुढे ओढली होती, मार खाल्ला होता.” त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच गेलं. “मला कळायला हवं होतं. मी तुमचं इंग्रजी वाचलं, आणि गुरवांचं मराठी वाचलं नाही.”

त्यांनी बदलीचा कागद फाईलमधून काढून चार तुकडे केले. माझ्याबद्दल पुण्याला काय लिहायचं ते मीच लिहावं, असं म्हणाले. मी लिहिलं. ती नोकरी पुढे दोन महिने टिकली.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. मामा रक्तपेढीच्या मागच्या नळावर पाटी धूत बसले होते. दुपारपासून यंत्र पडलं नव्हतं, पाटीचं काम उरलं नव्हतं. मी शेजारच्या पायरीवर बसले.

“मामा, माझं चुकलं.”

“आता किती येळा म्हणशीला? शैलानं चा पाजला, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. झालं.”

“एक विचारू? ‘बंद पडले, चालू केले’ असं लिहिलं असतं तर हे काहीच झालं नसतं. देवळातली सवय म्हणून लिहीत होता का?”

“तसंबी असंल.” त्यांनी पाटी उन्हाला तिरपी धरली. पाणी ओघळून गेलं. “काउंटरवर माणसं कान टवकारून बसल्याली असत्यात, बाई. आत कोण काय बोलतंय, त्यावर जीव टांगल्याला असतो त्यांचा. मी त्या बाकावर बसल्यालो हाय.”

मी पायरीवर थोडी पुढे सरकले.

“बारा वर्षं झाली. सुलोचना वरच्या वॉर्डात होती. मी बाटलीसाठी खाली उभा. तवा हितं नवीन मशीन आल्याली. आतला क्लार्क दुसऱ्याला म्हणाला, ‘गेली रे. आता काय उपयोग न्हाई.’” मामांनी पाटीवरचं पाणी हातानं निपटलं. “मशीन गेली म्हणत हुता. मला कुठं ठावं?”

“वर जाऊन विचारलं नाहीत?”

“पाय उचलला न्हाई वर जायाला. भाईर पडलो. चालत लक्ष्मी मार्केटला गेलो. जे काय आणावं लागतं ते आणलं. दोन तास बाजारातच बसून ऱ्हायलो, एका दुकानाच्या फळीवर. दिस कलायला परत आलो, वर गेलो, तर ही पलंगावर उठून बसल्याली. रक्त चढल्यालं, तोंडावर जरा कळा आल्याली. मला म्हणती, ‘कुठं गेल्तासा? आणि पिशवीत काय?’”

नळ ठिबकत होता. मामांनी तो घट्ट पिळला.

“हिरव्या बांगड्या हुत्या पिशवीत. तिनंच हात घालून काढल्या. म्हणाली, ‘माझ्यासाठी? आजवर कधी आणल्या न्हाईत, आन् आजारपणात आणल्या.’ नर्सबाईंना बोलवून बोलवून दावल्या. हात सुजल्याले, तरी साबण लावून भरल्या. पुढं नऊ वर्षं जगली. त्यातली एखादी दारावर आपटून फुटली की आतनं हाक मारून सांगायची, ‘अवो, वाढली बघा एक.’ आणि मी चुलीकडं तोंड करून बसायचो.”

“तिला सांगितलं नाहीत कधी?”

“न्हाई. कुणालाच न्हाई. गावभर सांगत फिरायची, माझ्या मालकानं हौसंनं आणल्या.” मामांनी पाटी मांडीवर ठेवली. “मी त्या तिला वाटं लावायला आणल्या हुत्या, बाई.”